शेवटची फेरी सांगायची असते

मिस्त्रीला चक्कर येत नाही. ही त्याची आयुष्यातली एकुलती एक बढाई, आणि ती तो भेटेल त्याला ऐकवायचा. बावीस वर्षं त्याने बागेतल्या घोड्यांच्या चक्रीवर काढली. उलटा बसून फिरला, डोळे मिटून फिरला, एकदा तर पैजेखातर जेवणाचा डबा खात खात चाळीस फेऱ्या मारल्या. आणि खाली उतरून सरळ रेषेत चालत नळावर हात धुवायला गेला. बायको म्हणायची, "चक्कर यायला आधी डोकं असावं लागतं." यावरही तो गडगडाटी हसायचा. हसायला त्याला फारसं निमित्त लागत नसे.

चक्री तशी जुनीपुराणी. चोवीस घोडे, बसायला हंसाच्या आकाराचं एक बाकडं आणि एक जिराफ. हा जिराफ मूळचा घोडाच. कधीतरी त्याचं डोकं मोडलं, मिस्त्रीने नवी मान बसवली, आणि माप चुकून ती हातभर लांब झाली. आता चूक कबूल कोण करणार? त्याने वरून पिवळा रंग मारला, ठिपके काढले आणि सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं की मला जिराफच करायचा होता. त्या गोष्टीला आठ वर्षं झाली. मुलांच्या उड्या त्या जिराफावरच जास्त पडायच्या, त्यामुळे कोणी खोलात शिरलं नाही.

रोज सकाळी बाग उघडायच्या आधी तो चक्री रिकामी चालू करायचा आणि एकेका घोड्यावर बसून, डोळे मिटून ऐकायचा. कुठे बोल्ट सैल झालाय, कुठे ग्रीस सुकलंय, हे त्याला कानाने कळायचं. शंभर किलोचा बाप्या गुडघे कानाशी घेऊन पोरांच्या घोड्यावर वर-खाली होतोय, आणि चेहरा मात्र उपासनेला बसल्यासारखा गंभीर! बागेचा माळी हे रोज बघायचा आणि रोज नव्याने हसायचा.

पण मिस्त्रीचं खरं नाव झालं ते शेवटच्या फेरीमुळे. पूर्वी चक्री थांबवायची म्हणजे नुसतं बटण बंद करायचं. चक्री मंदावायची, थांबायची, आणि पंचवीस पोरं एका सुरात भोकाड पसरायची. त्यांना घोड्यावरून सोडवता सोडवता आईबापांच्या नाकी नऊ यायचे. मिस्त्रीची मुलगी तेव्हा चार वर्षांची. तीही घोड्याच्या मानेला मिठी मारून रडत होती.

"अगं, कधीतरी थांबणारच ना चक्री?" तो म्हणाला.

"पण तू सांगितलंच नाहीस!" ती हुंदके देत म्हणाली. "सांगितलं असतं तर मी याला टाटा केलं असतं ना!"

मिस्त्रीने कानाला खडा लावला. दुसऱ्या दिवसापासून बटण बंद करायच्या आधी तो पितळी घंटा वाजवायचा आणि बागेच्या फाटकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडायचा, "शेवटची फेरीऽ! आपापल्या घोड्याला टाटा कराऽ!" मग बटण बंद. ब्रेक होता, पण तो मारला की मुलं पुढे आपटतात, म्हणून त्याला तो कधी हात लावायचा नाही. चक्री आपल्या आपण आणखी पाचेक फेऱ्या घ्यायची. त्या पाचांना मिळून तो शेवटची फेरी म्हणायचा. आकडेमोडीत तो पहिल्यापासून कच्चा. तेवढ्या वेळात पोरं घोड्याची मान थोपटायची, त्याच्या कानात काहीबाही सांगायची आणि चक्री थांबेपर्यंत हात पसरून तयार असायची. खाली उतरवून घ्यायला कोणी ना कोणी उभं असायचंच. रडारड बंद झाली ती कायमची.

असा नियम घालून देणाऱ्या मुलीला घरात 'मुकादम' हे नाव पडलं, ते काही उगाच नाही. आईची शिवण ती तपासायची, बापाचं ग्रीस तपासायची, चर्चच्या पाळकांच्या प्रवचनाची वेळ घड्याळात बघून त्यांना नंतर सांगायची. सात वर्षांची असताना तिला रक्ताचा आजार झाला, आणि मग ती इस्पितळात नर्सबाईंच्या पट्ट्या तपासू लागली. दोन वर्षं औषधं झाली, सुया झाल्या, डोक्यावरचे केस दोनदा गेले आणि एकदा आले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रीला आणि त्याच्या बायकोला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं, "आता औषध देऊ ते त्रास कमी व्हावा म्हणून. बरं करणारं काही उरलं नाही. घरी न्या. महिना, फार तर दीड."

मिस्त्री बाकावरून उठला आणि बायकोला म्हणाला, "तिला कळता कामा नये."

आणि त्या दिवसापासून त्या घरात हसण्याचा नुसता धुमाकूळ सुरू झाला. मिस्त्री सकाळी उशी डोक्यावर बांधून चहा करायचा. औषधाची बाटली आणताना लंगडी घालायचा. एकदा त्याने खुर्चीला चाकं लावली आणि मुकादमाला घेऊन स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत अशी शर्यत मारली की कपाटाचं दार निखळलं. पोरगी पोट धरधरून हसायची. आणि हसून दमली की तो घाईघाईने म्हणायचा, "पुढच्या वर्षी दहाची झालीस ना, की बाहेरच्या रांगेतला काळा घोडा तुझा! आणि बाराची झालीस की चक्रीचं बटण तुझ्या हातात!"

"बरं," मुकादम म्हणायची आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघायची.

बायकोचं निराळं होतं. ती शिंपीकाम करायची आणि रविवारी चर्चमध्ये गायची. आवाज असा की बाकीचे सगळे गप्प राहिले तरी भागावं. बाकावरच्या त्या दिवसानंतर तीन दिवस ती दुकानात, कपडे घालून बघायच्या खोलीत पडदा ओढून रडली. चौथ्या दिवशी गुडघे टेकले आणि देवाशी भांडली. हळू बोलणं तिला जमत नसे, त्यामुळे ते भांडण शेजारच्या चपलांच्या दुकानातही ऐकू गेलं. "तू दिलीस, तुझी आहे, हे मला मान्य आहे!" ती म्हणत होती. "पण नेताना नीट ने! दुखवू नकोस!" त्यानंतर ती डोळे पुसून बाहेर आली आणि तिने काजं करायला घेतली. मन शांत झालं होतं. कसं झालं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

मिस्त्रीला तिच्या या शांतपणाचा राग यायचा. "तू हात टेकलेस," तो म्हणायचा.

"हात नाही, गुडघे," ती म्हणायची. "अहो, तिला नीट निरोप द्यायचा राहील. मग जन्मभर काय करणार तुम्ही?"

"कसला निरोप? कोण चाललंय कुठे?" असं म्हणून तो उशी डोक्यावर बांधायला जायचा. दिवस मोजके राहिले होते, आणि ते न बोलता संपले तर हा माणूस मोडून पडेल, एवढंच तिला दिसत होतं.

या सगळ्यात खरे हाल झाले पाळकांचे. उंच, किडकिडीत, भिडस्त माणूस. दर गुरुवारी ते प्रार्थनेला यायचे. मिस्त्री त्यांना दारातच गाठून कुजबुजायचा, "तिच्यासमोर काही बोलू नका हं, तिला ठाऊक नाही." आत गेले की मुकादम कुजबुजायची, "बाबाला सांगू नका हं मला ठाऊक आहे ते. घाबरेल तो." मग स्वयंपाकघरात बायको विचारायची, "काही म्हणाली का हो ती?" बिचारे पाळक तीन-तीन पेले पाणी प्यायचे आणि प्रार्थना इतकी गुळमुळीत करायचे की मुकादमाने त्यांना एकदा विचारलंसुद्धा, "आज काय मागितलंत नक्की?"

एका रविवारी दुपारी मुकादमाने फर्मान काढलं. "उद्या बाग बंद असते. मला चक्रीवर बसायचंय. आई पाहिजे, पाळक पाहिजेत, सिस्टर पाहिजेत. आणि बटण बाबा दाबणार."

औषधं द्यायला घरी येणाऱ्या नर्स सिस्टर आधी नाही म्हणाल्या. मग त्यांनी पोरीची नाडी बघितली, पोरीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अर्धा तास. आणि मला ते हंसाचं बाकडं पाहिजे. घोड्यावर मी बसणार नाही, साडी फाटेल."

सोमवारी सकाळी ही वरात बागेत शिरली. मिस्त्रीने मुकादमाला खांद्यावर घेतलं होतं, वजन ग्रीसच्या डब्याएवढं उरलं होतं, आणि तो मात्र "बापरे, काय हा हत्ती!" म्हणत धापा टाकत होता. आईने तिच्यासाठी खास लाल झगा शिवला होता, सध्याच्या मापाचा. झगा झाला होता फक्कड, आणि मुकादमाने टाके तपासून तो पास केला होता.

बसण्यावरून वीस मिनिटं गोंधळ झाला. मुकादमाला सात नंबरचा कानतुट्या घोडाच हवा होता. तिला पाठीला आधार नव्हता, म्हणून मिस्त्रीने आपला हत्यारं अडकवायचा रुंद पट्टा काढून तिला घोड्याच्या दांड्याशी सैलसर बांधलं. पट्टा गेल्यामुळे त्याची पँट घसरू लागली, ती त्याने सुतळीने आवळली. आई मुलीला धरून शेजारी उभी राहिली. सिस्टर हंसात बसल्या, मांडीवर औषधांची पिशवी. राहिले पाळक. त्यांचे पाय कुठल्याच घोड्यावर मावेनात.

"जिराफ," मुकादमाने हुकूम सोडला.

पाळक कोट सावरत जिराफावर चढले, आणि त्या लांब मानेमागून त्यांची लांब मान वर आली तेव्हा सिस्टर हंसात आडव्या पडून हसल्या. माळी पाण्याचा पाइप तसाच वाहता टाकून बघायला आला.

मिस्त्रीने बटण दाबलं.

चक्री निघाली. घोडे वर-खाली होऊ लागले, लाल झगा उडू लागला. मुकादमाने दोन्ही हात सोडले आणि "हुर्रेऽ!" म्हणून ओरडली. आईने वरच्या पट्टीत गाणं धरलं. पाळकांची टोपी उडून गुलाबाच्या वाफ्यात पडली. माळ्याने ती उचलून स्वतःच घातली. दर फेरीला मिस्त्रीला समोरून आधी मुलीचे दात दिसायचे, मग तिचा टकलू गोटा, मग पाठ, आणि ती पुन्हा येईपर्यंत तो नुसता उभा असायचा.

पंधरा फेऱ्या झाल्या. नेहमी पंधरानंतर घंटा. मिस्त्रीचा हात घंटेच्या दोरीवर गेला आणि तिथेच राहिला. त्याने घंटा वाजवली नाही. मुकाट्याने बटण बंद केलं. चक्री मंदावली, आणि ती मंदावताना बघून त्याने चटकन पुन्हा बटण दाबलं.

"वा! आणखी!" सिस्टर म्हणाल्या.

पुन्हा पंधरा. पुन्हा बटण बंद, पुन्हा मंदावणं, पुन्हा बटण चालू. तिसऱ्या खेपेला पाळकांचा चेहरा जिराफाच्या रंगाचा झाला. "मिस्त्री," ते दर फेरीला थोडं थोडं म्हणत गेले, "मला वाटतं..." पुढच्या फेरीला, "...आता..." आणि त्याच्या पुढच्या फेरीला नुसतेच डोळे मिटून प्रार्थना करत गेले, आणि त्या वेळी ते नक्की काय मागत होते याबद्दल कुणाला शंका राहिली नाही. सिस्टरनी पिशवीतली ओकारीची गोळी स्वतःच खाल्ली. आई हसता हसता ओरडत होती, "अहो, पुरे! अहो, थांबवा! मेले मी!" साठ फेऱ्या झाल्या. पासष्ट झाल्या. मिस्त्री बटणापाशी घट्ट उभा होता, घामाने निथळत, एका हाताने पँट धरून, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

हे पहिल्यांदा दिसलं ते मुकादमालाच. तिचं तपासण्याचं कामच होतं.

"बाबा!" छातीत होता नव्हता तेवढा श्वास घेऊन ती ओरडली. "शेवटची सांग ना! तू सांगितलंच नाहीस!"

चक्री तिला घेऊन मागे गेली. आईचं गाणं थांबलं. मिस्त्रीला पाच वर्षांपूर्वीची मानेला मिठी मारून रडणारी पोर आठवली, आणि आपण गेला महिनाभर काय करत होतो ते त्याला एकदम कळलं. पोरगी समोर आली. ती रडत नव्हती. वाट बघत होती.

त्याने घंटेची दोरी ओढली. एकदा, दोनदा, मग वेड्यासारखी. आणि ओरडला. आवाज फाटला, पण फाटकापर्यंत गेला. "शेवटची फेरीऽ! मुकादमऽ! शेवटची फेरी, माझ्या बाळा! घोड्याला टाटा करऽ!"

बटण बंद करून तो धावला आणि फिरत्या चक्रीवर उडी मारून चढला. सात नंबरपाशी पोचला तेव्हा मुकादम कानतुट्याची मान थोपटत होती. आईही थोपटत होती. पाळक जिराफाला मिठी मारून होते, पण ते बहुधा पडू नये म्हणून.

"तुला ठाऊक होतं?" त्याने विचारलं.

"केव्हापासून!"

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तू जरा जास्तच विनोद करायला लागलास."

मिस्त्री हसला, आणि त्याच वेळी त्याला रडू फुटलं. दोन्ही एकदम करायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे नाकातून विचित्र आवाज आला, आणि मुकादम खिदळली. चक्री आपल्या आपण फिरत होती. तीन फेऱ्या राहिल्या असतील.

"भीती वाटते का गं?"

"उतरतानाची थोडी," ती म्हणाली. "इथे तू असतोस नाहीतर आई असते खाली. तिथे मला उतरवून कोण घेणार?"

हा प्रश्न पाळकांना विचारावा असं मिस्त्रीला क्षणभर वाटलं, पण पाळक कामातून गेलेले होते. आणि उत्तर त्याला येत होतं. लहानपणापासून येत होतं.

"प्रभू येशू घेईल. तो आपल्या लाइनीतला माणूस आहे. सुतार. लाकडं उचलून उचलून घट्ट झालेले हात असतात ते. मिस्त्रीलोक पोराला पाडत नाहीत."

"हे जिराफवाला मिस्त्री सांगतोय?"

"त्याने जिराफ मुद्दाम केलाय. माझ्यासारखा चुकून नाही."

मुकादमाचे डोळे चमकले. "म्हणजे चुकूनच झाला होता! आई! आई, बाबा कबूल झाला! मला वाटलंच होतं!" आणि आनंदाने तिने कानतुट्याच्या मानेवर असे बुक्के मारले की सिस्टर नाडी बघायला उठल्या. आठ वर्षांची चोरी उघडी पडल्याचा एवढा जल्लोष कोणी केला नसेल. माळीसुद्धा टोपी उडवून नाचला.

चक्री थांबली. आई आधी उतरली आणि हात पसरून उभी राहिली. मिस्त्रीने पट्टा सोडला, मुलीला उचलून तिच्या हातात दिलं, आणि स्वतः पायरीवरून खाली पाय टाकला. बाग फिरू लागली. गुलाब, माळी, फाटक, सगळंच गरगर फिरू लागलं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मिस्त्री धप्पकन गवतावर बसला.

"चक्कर आली!" तो थक्क होऊन म्हणाला.

"आलं एकदाचं डोकं," बायको म्हणाली, आणि तिघंही तिथेच गवतात हसत बसली. सिस्टरनी अर्ध्या तासाचं नाव काढलं नाही.

त्यानंतर घरात विनोद निम्मे झाले आणि बोलणं दुप्पट. मुकादमाने सगळ्यांना कामं वाटून दिली. काळ्या घोड्याला रंग द्यायचा. आईने गाताना शेवटची ओळ लांबवायची नाही. पाळकांनी प्रवचन वीस मिनिटांत संपवायचं. "आणि मी गेल्यावर घंटा बंद करायची नाही," तिने बापाला बजावलं. तो बरं म्हणाला. 'गेल्यावर' हा शब्द त्याने गिळला, आणि तो गिळला गेला. संध्याकाळी तिघं मिळून प्रार्थना करायची, आणि आता त्यात मागणं कमी असायचं. कधी कधी तर ती नुसतीच देवाला दिवसभरातल्या गमती सांगायची.

सतराव्या दिवशी दुपारी मुकादमाचा श्वास लांबला. एक यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. आई उशाशी बसून गात होती. हळू गायचा प्रयत्न चालला होता आणि नेहमीप्रमाणे जमत नव्हता. मिस्त्रीने डोळे मिटून तो श्वास ऐकला. कुठेही खटका नव्हता, ओढाताण नव्हती. बटण बंद झाल्यावर चक्री जशी आपल्या आपण फिरते, तसा तो चालला होता. पुन्हा बटण दाबावं असं त्याला वाटलं. खूप वाटलं. पण त्याने चमचा घेतला आणि पाण्याच्या पेल्यावर टण्ण करून वाजवला.

"शेवटची फेरी, मुकादम," तो म्हणाला. "खाली तो उभा आहे. घोड्याला टाटा कर."

तिचे डोळे मिटलेले होते. हात चादरीवर होता, तो उचलण्याइतकी ताकद नव्हती. तेव्हा मिस्त्री खाली वाकला, आपली जाडजूड मान त्याने तिच्या तळव्याखाली नेऊन ठेवली आणि थांबला.

बोटं दोनदा हलली. थोपटली. बायकोने स्वतः बघितलं.

"घे रे तिला," ती देवाला म्हणाली, आणि तिने शेवटची ओळ लांबवली नाही. मिस्त्री बराच वेळ तसाच वाकून राहिला, आणि तिने त्याला उठा म्हटलं नाही.